धाकट्या बहिणीविरुद्ध दिलेली फायलींची तक्रार मागे घेण्याबाबत

पुरवणी जबाब. देणारीचं नाव व पत्ता मूळ तक्रारीत आहे तोच. वय ६४ वर्षे. धंदा: शाळेतून निवृत्त झाल्यापासून अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी घरी पुस्तकं मोठ्याने वाचून ती संगणकावर ध्वनिमुद्रित करणे.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझी धाकटी बहीण, वय ५८, अशा दोघीच राहतो. मी लग्न केलेलं नाही. धाकटी नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर माझ्याकडे आली. ती एका कारखान्याच्या संगणक विभागात नोकरीला आहे. मी वाचलेली सगळी पुस्तकं माझ्या संगणकात होती, चालू पुस्तकही त्यातच, अर्धं झालेलं. दुसरीकडे प्रत का ठेवली नाही, असं विचारल्यावरून सांगते की, सुचलं नाही.

संगणकात जागा संपत आल्याची सूचना काही दिवस येत होती. "जागा नाही, जागा नाही," असं मी मोठ्याने म्हणत असे. कोणाला उद्देशून, असं विचारल्यावरून सांगते की, भिंतीला. आमच्या दोघींत तेव्हा अबोला होता. ती तिच्यापुरता चहा करायची, मी माझ्यापुरता.

अबोल्याचं कारण असं की, एकदा जेवताना धाकटी म्हणाली, "ताई, आता वाचन थांबव. तुझा आवाज थकलाय. वाक्य संपता संपता धाप लागते, ती ऐकू येते." मला ते फार लागलं. मी तिला म्हणाले, "खाल्ल्या घरचे वासे मोजू नकोस." ती ताटावरून उठली. त्यानंतर ती बोलली नाही, मीही बोलले नाही. मोठ्या बहिणीने आधी बोलायचं म्हणजे काय, असं मला वाटत होतं.

घटनेच्या दिवशी सकाळी मी दात दाखवायला दवाखान्यात गेले होते. परत येईपर्यंत धाकटी कामावर गेली होती. संगणक उघडला तर एकही पुस्तक वाजेना. मूळ फायली दिसत नव्हत्या. त्यांच्या जागी शेपटाला 'जीझेड' लावलेल्या भलत्याच फायली होत्या आणि पडद्यावर एक काळी चौकट उघडी होती, तीत तिने काहीतरी टाइप केलेलं. माझं डोकं फिरलं. वाटलं, हिने दावा साधला. तिला फोन का केला नाही, असं विचारल्यावरून सांगते की, बोलणं बंद होतं ना! फोन करायचा म्हणजे मीच आधी बोलल्यासारखं झालं असतं. मी तडक इथे आले. तक्रारीतलं "ती माझ्यावर जळते" हे वाक्य माझंच आहे, हवालदारांनी पदरचं घातलेलं नाही.

त्यानंतर पोलिसांनी धाकटीला कारखान्यातून, सगळ्यांच्या देखत, इथे आणलं. मी या बाकावर होते, तिला समोरच्या बाकावर बसवलं. ती माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाली, "मी जीझिप चालवलं. ते फाइल आवळून लहान करतं, म्हणजे जागा मोकळी होते. आवळलेली फाइल ठेवतं आणि मूळ फाइल आपणच काढून टाकतं. गनझिप चालवलं की मूळ फाइल जशीच्या तशी परत येते. चालू पुस्तक तेवढं मोकळं करून ठेवणार होते, पण कामाला उशीर झाला."

साहेब म्हणाले, "अहो, मग घरात एका शब्दाने सांगायचं ना!"

ती म्हणाली, "आम्ही बोलत नाही. ताई रोज जागा नाही, जागा नाही म्हणते, ते मला पलीकडच्या खोलीत ऐकू येतं. म्हणून केलं."

साहेबांना हसू आलं. मला मान वर करवेना.

ठाण्यातले संगणकवाले माझ्याबरोबर घरी आले. त्यांनी त्याच काळ्या चौकटीत एक ओळ टाइप केली. जीझेडची शेपटं गेली, पुस्तकं परत आली. "बघा मावशी, उगाच घोर लावून घेतला जिवाला. काडीचाही फरक नाही," असं म्हणून ते गेले. खात्री करावी म्हणून मी चालू पुस्तक लावून ऐकलं. मी कधी माझं वाचन परत ऐकत नाही. वाक्य संपता संपता धाप लागते, ती ऐकू येते. धाकटी खरं तेच सांगत होती, आणि माझ्या काळजीने सांगत होती.

धाकटी ठाण्यातून आमच्याआधीच निघाली होती. मी संगणकवाल्यांबरोबर घरी पोचले तेव्हा तिच्या खोलीत तिची बॅग नव्हती. न्हाणीघरात तिचा पंचा नव्हता. मी तिला फोन केले, ती उचलत नाही. अबोला धरायलासुद्धा घरात दुसरं माणूस लागतं. आता तेही नाही. घर मला खायला उठतं.

माझी तिच्याविरुद्ध काहीही तक्रार नाही. चोरी झालेली नाही, नुकसान झालेलं नाही. जे झालं ते माझ्या उतावळेपणाने झालं. हे सांगताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

धाकटीने तिचा नवा पत्ता ठाण्यात दिला आहे, पण तो मला देता येत नाही, असं साहेब म्हणतात. मात्र तक्रार बंद करताना हा जबाब तिला वाचून दाखवतील, असंही ते म्हणाले. म्हणून पुढचं तिच्यासाठी लिहावं अशी मी विनंती केली. जबाबात असलं काही बसत नाही, असं हवालदार म्हणाले. मी म्हटलं, जबाब माझा आहे ना? मग मी सांगते ते लिहा.

धाकटे, चुकलं माझं. परत ये. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसती ये.

वरील जबाब मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते. हवालदारांनी तो भराभर वाचला. तिला वाचून दाखवताना शेवटचं जरा सावकाश वाचावं.