डायलिसिसवाली इंदुमती

मंडळी, ऐका! आज सरळ एक प्रश्न टाकतो तुमच्यापुढं. माणसानं एखादं काम सोडलं, मनापासून सोडलं, पाठ फिरवून निघून आला, तर ते काम त्याला कधी सोडतं? एखादा दारूचा गुत्ता चालवतो. मग गुत्ता बंद करतो, किराणा टाकतो. दहा वर्षांनी तुम्ही त्याच्याच दुकानातून साखर नेता आणि घरी काय सांगता? ‘गुत्तेवाल्याकडची आहे!’ साखर गोडच की हो! पण नाव अजून गुत्त्याचं! हसलात? हसा, हसून घ्या. पुढं जमणार नाही.

आपल्याकडच्याच एका तालुक्यातली गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदललीत. जिची गोष्ट आहे तिला विचारून सांगतोय. ती म्हणाली, “सांगा महाराज. पण माझी कीव करू नका, आणि मला देवीही करू नका.” बघा, किती अवघड करून ठेवलंय! आम्हा कीर्तनकारांना दोनच गोष्टी येतात — एक कीव, नाहीतर देवी! मधलं माणूस सांगायचं म्हटलं की घाम फुटतो.

तर ही इंदुमती. बाप एसटीत मेकॅनिक, आई घरीच. पोरगी दिसायला देखणी, गॅदरिंगमध्ये नाटकात पहिला नंबर. एकोणिसाव्या वर्षी मुंबईला गेली — मालिकेत काम करायचं म्हणून. दोन वर्षं मालिकेत काय मिळालं? लग्नाच्या प्रसंगात मागं उभं राहायचं आणि अक्षता टाकायच्या! टाकून टाकून हात दुखले, पण तोंड काही दिसलं नाही. मग एक जण आला. म्हणाला, “मोबाईलवर दिसणारे सिनेमे करतो आम्ही. मोठ्या माणसांसाठी. तू मुख्य भूमिकेत.”

मंडळी, आता मी गोड गोड सांगू का? की तिला फसवलं, कोंडलं, पेयात काही घातलं? तसं होतं पुष्कळांचं. हिचं झालं नाही. सही तिनं केली, वाचून केली. अंगावर कपडे नसलेले सिनेमे तिनं चार वर्षं केले. नाव बदललं, केस रंगवले. का केले? मी विचारलं तिला. ती म्हणाली, “सगळे माझ्याकडं बघत होते, महाराज. अक्षता टाकताना कुणीच बघत नव्हतं.” बायका का गप्प झाल्या? तुम्हाला कळलं ते. पुरुषांनो, घरी गेल्यावर त्यांना विचारा!

आता ती बाहेर कशी पडली? पोलीस आले? साधू भेटला? नाही! तिच्या खोलीत हसीना नावाची मुलगी राहायची, मेकअप करणारी. हसीनाच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सोबतीला कोण? इंदुमती. दवाखान्यात चार चार तास स्टुलावर बसायची. तिथं एक बाई मशीन चालवायची — पन्नाशीची, सावळी, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. हसीनाच्या हातावर दोन बोटं ठेवायची, डोळे मिटायची आणि मग सुई घालायची. हसीनाला कळायचंसुद्धा नाही!

इंदुमती सांगत होती, “त्या खोलीत माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. सगळे त्या बाईच्या हाताकडं बघत होते. आणि मला पहिल्यांदा वाटलं, मला ह्या बाईसारखं व्हायचंय.”

हसीना वर्षभरानं गेली. तिला माती देऊन आल्यावर इंदुमतीनं फोनचं कार्ड काढून फेकलं, केस कापले आणि डायलिसिसच्या डिप्लोमाचा फॉर्म भरला. वय पंचवीस! वर्गातली बाकीची पोरं अठरा-एकोणीसची, ती हिला मॅडम समजून उभी राहायची! पण शिकली. रक्त बघून पहिल्या दिवशी चक्कर आली, तरी शिकली. आणि आपल्याच भागातल्या एका तालुक्याच्या ट्रस्टच्या दवाखान्यात मुलाखतीला आली.

तिथल्या डॉक्टरीण तांबवेकर. कागद बघितले. विचारलं, “मधली चार वर्षं काय करत होतीस?”

आली का पंचाईत! तुम्ही काय सांगितलं असतं? मी तर सांगितलं असतं, आजी आजारी होती! इंदुमती म्हणाली, “तसले सिनेमे करत होते मॅडम. नंतर कुणाकडून कळण्यापेक्षा आताच सांगते.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “सुई नीट घालता येते?”

“येते.”

“सोमवारी सकाळी साडेसहाला ये. उशीर चालत नाही इथं.”

झालं! एवढंच! माणूस पारखायला किती वेळ लागतो हो? पण तेवढा वेळही आपण देत नाही.

आता त्या खोलीतली माणसं सांगतो. सहा खाटा, सहा मशिनं. एक जनाक्का, बांगड्या विकणारी, पासष्टीची. डायलिसिसवाल्यानं पाणी मोजून प्यायचं असतं, आणि ही घरून ताक पिऊन यायची! वजनकाट्यावर उभी राहिली की इंदुमती कमरेवर हात ठेवायची. “अक्का, किती प्यालीस?” “न्हाई गं, एकच घोट.” “काटा दोन लिटर दाखवतोय!” “काटा बिघडलाय तुजा!” दुसरे भोईटे तात्या, निवृत्त मुख्याध्यापक. कडक माणूस! त्यांच्या हाताची शीर अशी की भल्याभल्यांना सापडायची नाही. इंदुमती बोटं ठेवायची, आत रक्त भुंग्यासारखं थरथरतं ना, ते शोधायची. आणि पहिल्याच झटक्यात सुई आत. तात्या त्या चार तासांत तिला व्याकरण शिकवायचे. “इंदू, ‘माझी मदत कर’ नाही, ‘मला मदत कर’!” तीन वर्षं अशी गेली. सुखाची गेली.

आणि एके दिवशी तात्यांचा मुलगा प्रल्हाद त्यांना सोडायला आला. नेहमी सून यायची, त्या दिवशी हा आला. काचेतून आत बघितलं, पुन्हा बघितलं. गाडीत जाऊन मोबाईल उघडला. आणि संध्याकाळपर्यंत तिच्या जुन्या सिनेमाची क्लिप अख्ख्या तालुक्यात! शेतकरी गटात क्लिप, माजी विद्यार्थी गटात क्लिप, आणि मंडळी, आमच्या भजनी मंडळाच्या गटातसुद्धा क्लिप! सकाळी अभंग, दुपारी आरोग्याचा सल्ला, संध्याकाळी ही!

गावात एकच चर्चा. ‘असल्या बाईच्या हातानं औषधपाणी?’ तिला काढा म्हणून अर्ज निघाला, सह्या झाल्या. आणि तिसऱ्या दिवशी त्या गावात माझं कीर्तन होतं.

मृदंग जरा थांबवा हो.

आता माझं सांगतो. लोकांनी कानात सांगितलं, “महाराज, दोन शब्द होऊन जाऊ द्या त्या विषयावर.” आणि मी, हा फेटा बांधून, हा बुक्का लावून, गादीवर उभा राहिलो आणि म्हणालो, “मशीन रक्त शुद्ध करतं म्हणतात, पण मशीन चालवणारीचं रक्त कोण शुद्ध करणार?” काय हशा पिकला! टाळ्या! पेटीवाल्यानं सूर धरला! मी खूश. कीर्तनकाराला टाळी मिळाली की त्याला देव दिसेनासा होतो, हे खरं सांगतो तुम्हाला.

आणि ती तिथंच बसली होती. बायकांच्या तिसऱ्या ओळीत. जनाक्काला चालवत नव्हतं म्हणून हाताला धरून घेऊन आली होती! उठून गेली नाही. शेवटपर्यंत बसली. प्रसादाच्या रांगेत माझ्यासमोर आली, वाकली. मी पाय मागं घेतला, मंडळी. मी पाय मागं घेतला! ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “महाराज, मला काढायचं तर काढा. पण दुसरं माणूस आधी आणा. सकाळी साडेसहाला सहा जण आलेले असतात.”

राग नाही, रडणं नाही. तिला काळजी कशाची, तर सहा खाटांची!

तिला आठ दिवस घरी बसवलं. तांबवेकर डॉक्टरीण भांडल्या, पण ट्रस्टी ऐकेनात. बदली म्हणून जिल्ह्याच्या गावाहून एक मुलगा यायला लागला. बिचारा चांगला होता, पण नवखा. तात्यांची शीर त्याला सापडेना. चार वेळा टोचलं. रक्त आत पसरलं, हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा, भोपळ्यासारखा सुजला! डायलिसिस अर्धंच झालं. घरी आले तर दोन पावलं चालताना धाप. प्रल्हाद आपल्या बापाचा तो हात उशीवर ठेवून फडक्यानं शेकत बसला. काय वाटलं असेल त्याला? मला माहीत नाही. मी असतो तर मला काय वाटलं असतं, ते माहीत आहे.

शेवटी दवाखान्यात बैठक बसली. ट्रस्टी, गावातले चार मोठे लोक, पेशंटांचे नातेवाईक. मलाही बोलावलं, धर्माची बाजू सांगायला! कोपऱ्यात इंदुमती उभी. तिला खुर्चीसुद्धा कुणी दिली नव्हती.

अध्यक्षांनी घसा साफ केला. “हा गावाच्या संस्कारांचा प्रश्न आहे —”

तेवढ्यात जनाक्का उठली. कुणाला न विचारता! “सायब, मला एक सांगा. हिला पयल्यांदा वळखली कुनी?”

सगळे प्रल्हादकडं बघायला लागले. तो बुटाकडं बघायला लागला.

“आन् वळखली कशी? आदी बघितली असंल तवाच वळखली नव्हं?” अक्का एकेकाकडं बोट करायला लागली. “तुमी बघितली? तुमी?” ट्रस्टी लाल, सरपंच लाल! आणि ते बोट, मंडळी, फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबलं. “महाराज, तुमी?”

काय सांगू? खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. समोर इंदुमती उभी. आमच्या भजनी मंडळाच्या गटात आलेली ती क्लिप मी उघडली होती. स्वतःला काय सांगितलं? खात्री करून घेतो! खात्री एकदा बघून होते. मी दोनदा बघितली.

“बघितली,” म्हणालो मी. भिंतीपलीकडं मशीनची टिकटिक चालू होती.

आता हशा नाही ना येत? सांगितलं होतं तुम्हाला.

मग तात्या उठले. प्रल्हादनं धरायला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. भिंतीला धरत धरत इंदुमतीपुढं जाऊन उभे राहिले आणि शर्टाची बाही वर केली. तो काळा पडलेला हात! तिनं बघितलं मात्र आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढे दिवस आलं नव्हतं ते तेव्हा आलं! “अहो तात्या, बर्फ नाही लावला कुणी? शेकलंत की काय? पहिल्या दिवशी शेकायचं नसतं!”

तात्या म्हणाले, “इंदू, मी गप्प बसलो. मला सगळं कळलं होतं, पण मुलाचा विषय होता म्हणून गप्प बसलो. जन्मभर पोरांना सांगितलं, चुकलं तर उभं राहून बोला. आता मी उभा आहे. मला माफ कर.” आणि मग मागं न बघता म्हणाले, “प्रल्हाद, उद्या सकाळी साडेसहाला मला इथं आणायचं. ही नसेल तर मला कुठंच नेऊ नकोस.”

प्रल्हाद रडला. मोठा माणूस, सोसायटीचा चेअरमन, ओक्साबोक्शी रडला. अर्ज अध्यक्षांनी घडी घालून खिशात ठेवला. त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेलो दवाखान्यात. नारळ, शाल घेऊन! रात्रभर वाक्यं जुळवली होती. माफी कशी मागायची, त्यात तत्त्वज्ञान किती घालायचं. आत गेलो. ती तात्यांच्या त्याच हाताला, सुजेच्या वरच्या बाजूला सुई लावून नळ्या जोडत होती. मी हात जोडले. “इंदुताई, मी —”

“महाराज, जरा बाजूला व्हा! दोन नंबरचा अलार्म वाजतोय!”

आणि गेली पळत! मी शाल घेऊन उभा. जनाक्का खाटेवरून म्हणते, “बसा की वाईच. तिला चार तास सवड न्हाई.” बसलो. चार तास बसलो. सहा माणसं आत आली होती मातीसारख्या रंगाची, जाताना त्यांच्या तोंडावर थोडं रक्त आलं होतं. कुणाची तरी थट्टा चालली होती, कुणी घोरत होतं. तिनं शेवटी हातमोजे काढले, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “बोला.” मला एकही जुळवलेलं वाक्य आठवेना. “चुकलो,” एवढंच म्हणालो. ती म्हणाली, “हो, चुकलात.” आणि चहा मागवला.

मंडळी, मी वीस वर्षं सांगत आलो, देव पाठीमागचं पुसतो. पुसत असेल. त्याचं तो बघेल. पण ती बाई चार वर्षांतून उठून आली, शिकली, उभी राहिली. तिच्या बाजूनं सगळं संपलं होतं. ते संपू कुणी दिलं नाही? आपण! आपल्या बोटानं! पुढं पाठव, पुढं पाठव!

म्हणून आज गजर करायच्या आधी एक काम. टाळकरी, टाळ खाली ठेवा. सगळ्यांनी मोबाईल काढा. हसू नका, काढा! तिची नसेल, दुसऱ्या कुणाची असेल. कुणाच्या तरी लेकीची, कुणाच्या तरी बहिणीची. ज्याच्याकडं आहे त्याला माहीत आहे. कुणी शेजाऱ्याच्या मोबाईलात डोकावू नका. ज्यानं त्यानं आपलं आपण पुसायचं.

मी थांबतो. माझं मी पुसलंय. आता तुमचं होऊ द्या, मग देवाचं नाव घेऊ.