शेंड्याच्या बेटावरचे उंदीर

भगवंत : कुणाचा इस्वास बसायचा न्हाई, ताई, पण सांगतो. बेटावर उंदरं आली ती बिबट्याच्या पाठीवर बसून.

कस्तुरबाई : घ्या. मागच्या महिन्यात माशानं ह्याची होडी ओढत नेली, आता बिबट्यानं उंदीर नेले. वृषाली, तू आधी पाणी पी, बेटा. डिंभ्याहून घोडेगावपर्यंत एवढ्या उन्हात आलीस, अन् खरं विचारायला गाठलंस कुणाला, तर ह्या होडीवाल्याला.

वृषाली : बाबांनाच शोधत होते, आजी. धरणात पाणी भरल्यापासून तिथं होडी घालणारे ते एकटेच. काठावर कळलं, आज तुमच्या दुकानात सापडतील.

कस्तुरबाई : सापडणारच. आज चौदस, माझा उपास. चौदसीला माझा पिंजरा न्यायला येतो तो.

वृषाली : कसला पिंजरा?

कस्तुरबाई : उंदरांचा. धान्याचं दुकान म्हटलं की उंदीर आलेच. औषध घालणं आम्हा जैनांत बसत नाही. माझ्या सासूबाईही पोत्यांमागं पिंजराच लावायच्या. पकडलेले सांभाळायचे, वाटेत भूक लागू नये म्हणून आत गुळाचे खडे टाकायचे, अन् चौदसीला भगवंतानं न्यायचे, रानात सोडायचे. आठ वर्षं झाली. ह्या दुकानात एक जीव मेला नाही.

भगवंत : बाईंचा नेमच हाय तसा.

वृषाली : रानात म्हणजे कुठं, बाबा?

भगवंत : रानात म्हंजी रानात. वर, आहुप्याच्या अंगाला. तर मी बिबट्याचं सांगत व्हतो.

वृषाली : बिबट्या नंतर. मला खरं पाहिजे. आजी, शेंड्याचं बेट तुम्ही पाहिलं नसेल. अख्खी टेकडी बुडाली, तिचा शेंडा तेवढा वर राहिला. भर उन्हाळ्यातसुद्धा चारी बाजूंनी पाणी असतं, त्यामुळं तिथं कोल्हा पोचत नाही की कुत्रं. म्हणून तर नदी सुरय नावाचे पक्षी तिथं अंडी घालतात. घरटं कसलं ते नाहीच, उघड्या खडीत नुसता खळगा. सात वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा मोजल्या, तेव्हा ब्याण्णव जोड्या होत्या. ह्या वर्षी अकरा.

कस्तुरबाई : बाकीच्या दुसरीकडं गेल्या असतील.

वृषाली : गेल्या नाहीत. पिल्लू अंड्यातून निघतं, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर त्याचे पाय कुरतडलेले. पिल्लू मेलेलं नसतं, आजी. चोच उघडून बसलेलं असतं. अन् आई त्याच्यावर पंख पसरून सावली धरते. दोन-दोन दिवस धरते. परवा मी अशी तीन बघितली.

कस्तुरबाई : पुरे.

वृषाली : म्हणून सोमवारी बेटावर औषध ठेवणार आहोत. पेटीत, पक्ष्याची चोच जाणार नाही असं. परवानगी आलीय. एकही उंदीर ठेवायचा नाही.

कस्तुरबाई : सगळे मारायचे? पिंजरे लावा ना. हवे तर मी देते.

वृषाली : दोन वर्षं पिंजरेच लावले. एक गाभण मादी राहिली तरी वर्षात बेट पुन्हा भरतं. मलाही हौस नाही, आजी. माझ्या आईनं तर चार दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. पण सोमवारी सगळे मारले, अन् पुढच्या महिन्यात तिथं पुन्हा दोन उतरले, तर मेलेले फुकट मेले. अकरा जोड्याही गेल्या. मधे दीड किलोमीटर पाणी आहे, एवढं पोहून गावातला उंदीर जात नाही. त्याला कुणीतरी नेतंय. ती वाट कळल्याशिवाय मी औषधाची एक पेटी उघडणार नाही.

भगवंत : मग वाटच सांगतोय की तुमाला. बिबट्या व्हता म्हातारा, दातं पडल्याला. बेल्ह्याच्या बाजारात शेळी बघाया गेला, तर व्यापाऱ्यांनी टेम्पोचा हॉर्न दाबून हाकालला. लई मनाला लागलं त्याच्या. तवापास्नं शिकार बंद. काठाला यिऊन बसायचा. मग उंदरं यायची, रांगेनं, साळंतल्या पोरांवानी. थोरला उंदीर मानेवर, बिबट्याच्या दोन मिशा लगामासारक्या धरून. बाकीची मागं. बिबट्या वारं बघाया शेपूट वर करायचा आन निघायचा पाण्यातनं.

कस्तुरबाई : त्यापेक्षा नारायणगावची जीप बरी नव्हती का?

भगवंत : जीपवाला माणसाला पाय ठिवाया जागा दीत न्हाई, बाई. उंदराला काय देतोय?

वृषाली : एवढे उंदीर पाठीवर, अन् बिबट्यानं खाल्ला कसा नाही एकही?

भगवंत : उपास असायचा त्याचा. चौदस.

वृषाली : बिबट्याला चौदस?

भगवंत : लई कडक. पाणीसुदिक उकळून प्यायचा.

कस्तुरबाई : अन् उंदीर? एवढं पाणी बघून घाबरायचे नाहीत ते?

भगवंत : घाबरतील कशाला. परत्येकाच्या तोंडात गुळाचा खडा. चघळत बसायची.

कस्तुरबाई : गुळाचा.

भगवंत : गुळाचा म्हंजी... तसलंच कायतरी.

वृषाली : आजी, बसता का जरा?

कस्तुरबाई : मी बरी आहे. त्याला बोलू दे.

वृषाली : बाबा, एवढं चांगलं आहुप्याचं रान सोडून त्यानं बेटच का धरलं?

भगवंत : आहुपं काय जवळ हाय व्हय, ताई? होडीतनं उतरायचं, वर दोन तासाचा चढ. गुडघं गेल्यात. बिबट्याचं म्हणतोय मी. आन रानात तरी काय ठिवलंय? कुत्री टपल्याली, पोरं गलोल घिऊन हिंडत्यात. चार पावलं जगायची न्हाईत ती. बेटावर कोण हाय? कुणीच न्हाई. वाटंतच हाय. त्याला वाटलं, ह्याच्यापरीस ब्येस जागा कुटली?

वृषाली : पक्षी होते तिथं.

भगवंत : पक्षी काय, उडून जात्यात. त्याला तसंच वाटलं. पिल्लांचं कुणी ध्यानात घितलं?

कस्तुरबाई : उतरवताना काय म्हणायचा रे तो त्यांना?

भगवंत : राहू द्या, बाई. गंमत व्हती. पोरीला जरा हसवावं म्हणून.

कस्तुरबाई : आठ वर्षं तुझ्या गोष्टी ऐकल्या मी. एकही अर्धी सोडली नाहीस. ही पुरी कर.

भगवंत : म्हणायचा, जावा बाबांनो.

कस्तुरबाई : पुढं?

भगवंत : जावा, हितं तुमाला मारणारं कुणी न्हाई.

(गल्ल्याखाली, गोणपाटाच्या आड, तारेचा पिंजरा खडखडतो.)

वृषाली : आज किती आहेत त्यात, आजी?

कस्तुरबाई : तीन. एक पोटुशी दिसते, म्हणून सकाळी गूळ जास्त टाकला.

भगवंत : बाई, मी आजच्याला वर आहुप्यातच नेतो. आयशप्पत. चालत नेतो.

कस्तुरबाई : 'जिथं मारणारं कुणी नसेल, अशा जागी सोड.' पहिल्या पिंजऱ्याच्या दिवशी मीच सांगितलं होतं तुला. बिबट्या कुठला, भगवंत. होडी तुझी, अन् उंदीर माझे.