चीन-अमेरिकेचं भांडण आणि आमची आतली खोली

कापसाच्या भावाचा विषय काढलात, तर आमच्या घरचंच सांगतो. अमेरिका आणि चीनचं व्यापारावरून भांडण पेटलं, तेव्हा आमची आतली खोली कापसाने आढ्यापर्यंत भरलेली होती. शेजारचा ज्ञानोबा म्हणाला, "काका, त्यांचं मिटू द्या, मंग भाव चढंल."

मी थांबलो, पण जीव थाऱ्यावर नव्हता. जेवतानाही मोबाइलवर बातम्या. कापसाने घरात सगळ्यांचं अंग खाजायचं. बायको रोज विचारायची, "मिटलं का त्यांचं?"

"न्हाई. आज चीन चिडला."

"चिडू द्या. पोरगी पहिल्या बाळंतपणाला येऊन राह्यली. तिला काय कापसावर निजवता?"

लेक ठरल्यापेक्षा आधीच आली आणि खोलीच्या दारातच थबकली. मी हळूच म्हणालो, "बाई, दोन दिवस कळ काढ. ते दोघं बोलायला बसून राह्यलेत."

तिने पोटावर हात ठेवला. "बाबा, त्यांना बसू द्या. हे न्हाई थांबायचं."

दुपारीच टेम्पो बोलावला आणि मिळेल त्या भावाने कापूस दिला. आता त्या खोलीत नातीचा पाळणा आहे. ती रडायला लागली की बायको मला म्हणते, "बघा जरा, आज कोण चिडलं? अमेरिका का चीन?"