वैजूचा खो

मंडळी, ऐका! मैत्रिणींनी पैज लावलीय, कीर्तनात हे विचारून दाखव म्हणून. विचारतेच! मोबाइलवर रडका चेहरा पाठवताना तुमच्यापैकी खरंच रडत कोण होतं? करा हात वर! टाळकरी काका, तुम्ही राहू द्या—टाळ पडतील!

तर खडकमाळ गावची वैजू. नववीतली, खो-खोवर जीव! आणि गावानं ठरवलं—गावानं कुठलं, चार जणांनी!—की पोरींच्या मैदानावर गोदाम बांधायचं. वैजू खांबाला मिठी मारून रडली. मोबाइलसमोर! व्हिडिओ टाकला, आणि दोन दिवसांत एकवीस हजार रडके चेहरे! "ताई, आम्ही सोबत आहोत!" "अख्खं गाव पेटलंय!" वैजूचे पाय जमिनीवर ठरेनात हो!

सोमवारी गोदामाच्या ठरावासाठी ग्रामसभा. शंभर मतदार हवेत. वैजू सगळ्यांच्या आधी हजर. सतरंज्या अंथरलेल्या... आले किती? सात! त्यातले दोघं पंख्याखाली झोपायला!

"मी आठवी!" वैजू म्हणाली.

"तुला मत नाही, बाळ," ग्रामसेवक म्हणाले. "सभा तहकूब. आता गुरुवारी. तेव्हा शंभराची अट नाही, येतील तेवढ्यांत ठराव!"

म्हणजे त्या चौघांचंच फावणार!

वैजू मैदानावर गेली. एकटीच चौकोनात बसली, पाठ ताठ करून. खो द्यायला मागं कुणी नाही. खिशात मोबाइल थरथरतोय—आणखी रडके चेहरे! मंडळी, एकवीस हजार सोबत, आणि पाठीवर हात एकाचाही नाही! किती मोठं वाटलं असेल तिला ते मैदान?

पण ते अश्रू खोटे होते का? नाही हो! अहो, बसलेला गडी आपणहून उठतो कधी? त्याला खो मिळावा लागतो!

घरी आली, तर आई तोच व्हिडिओ बघत डोळे पुसतेय.

"आई, सोमवारी कुठं होतीस?"

"अगं, मी पाठवले ना रडके चेहरे! चांगले चार!"

"आणि बाबा, तुम्ही?"

"मला वाटलं... एवढे लोक आहेत तुझ्यामागं."

हसताय काय, मंडळी? तुम्ही तरी कुठं होतात? तुमच्या गावचं काय काय गेलं, तेव्हा तुमचा अंगठा हलला—पाय हलले का?

वैजू नाही हसली. म्हणाली, "मी ठरवलंय. आता व्हिडिओ नाही. गुरुवारपर्यंत दारोदार जाणार, एकेकाला उठवून सभेला नेणार."

आणि बाबांच्या मागं जाऊन तिनं पाठीवर थाप मारली—

"पहिलं घर आपलं. बाबा, खो!"