तळ्याचा सफाया

दवाखान्यात तापाच्या पेशंटांची रांग दारापर्यंत आली होती. पुड्या बांधता बांधता कंपाउंडरचे कान मात्र बाकावरच्या दोघांकडे होते. अंगावर शाल ओढून कुडकुडणारा दीर आणि फणकारलेली वहिनी.

"तळं साफ करायचं खूळ कुणाच्या डोक्यातलं, भावोजी?"

"माझ्याच. केवढी घाण होती, वहिनी! शेवाळ, लव्हाळी, त्यात बेडकांचं रात्रभर डरांव डरांव."

"म्हणून सफाया केलात?"

"सफाया काय, सफाई म्हणा! काठाला सिमेंट केलं. पाणी कसं आरशासारखं दिसतंय."

"आरसा काय चाटायचाय? लव्हाळी गेली, तिच्यावरचे चतुर गेले. बेडूक गेले, मासे गेले. डासांच्या अळ्या खायला कोण उरलं?"

"एका बेडकावाचून काय अडतंय?"

"एक कुठला? अख्खं गणगोत हाकललंत! विकतचं दुखणं घेतलंत. आज घरातलं एक माणूस धड नाही."

"उद्या औषध फवारतोय ना."

"फवारा! चुकून काही जिवंत राहिलं असेल, तर तेही जाऊ दे."

"अहो, माणसांसाठीच चाललंय हे सगळं."

आतून डॉक्टरांनी हाक दिली, "पुढचं कोण?"

"उठा भावोजी. आता आपलाच नंबर."