मुरलेला पांढरा चहा

लग्नाची नोटीस द्यायच्या रांगेत माझ्यापुढे सिंधूताई आणि प्रेमानंद, दोघंही पिकल्या केसांचे, हसून हसून वाकले होते.

“तुम्ही दार्जिलिंगहून आणलेला पांढरा चहा परवा उकळला मी,” सिंधूताई म्हणाल्या.

“इतकी वर्षं ठेवला? काहून वं?”

“तेव्हा नुसतं गवताचं पाणी लागलं. पण फेकवलं नाही.”

“अन् आता?”

“आता मधासारखा लागते! खारकेचा वासही येते.”

“मुरला न! पांढरा चहा जुना झाला का गोड होते.”

“म्हणूनच तर फोन करून तुमच्या जुन्या मागणीले हो म्हटलं!”

“पण मी तं नुसता म्हातारा झालो, सिंधू.”

“ते मले पाहू द्या!”

खिडकीतून आवाज आला, “आजोबा, नवरदेव-नवरीला पुढे पाठवा.”

“आम्हीच होय न बापा!” दोघं एकदमच ओरडले.