आठ हात, चार टॉवेल

...नाही, तुम्हीच सांगा, एका हाताला तासभर लागत असेल तर आठ हातांना किती लागेल? शाळेतलं पोरगंही सांगेल! मीही सांगितलं, छातीठोकपणे, आमच्या मॅनेजरला, नेव्हिलला, सगळ्यांसमोर... आणि तेव्हा आमच्याच ऑफिसातली रिपेकाआंटी काय करत होती? चहा पीत होती! कपावरून नुसतं बघितलं माझ्याकडे. तेव्हाच समजायला हवं होतं हो मला!

तुम्हाला सांगतो, आमची डेअरी इथं साउथलँडात, देशाच्या पार दक्षिण टोकाला, शेकडो गोठे, प्रत्येक गोठ्यावर दुधाची टाकी, आणि ती टाकी दिवसभर आपलं तापमान लिहून पाठवत असते. मग ती लाखो ओळींची लॉग फाइल वाचणार कोण? माझा जावाचा प्रोग्रॅम! बिचारा एकटा, एकेक ओळ चघळत बसायचा, कुठली टाकी गरम झाली त्याची यादी काढायचा, आणि यादी निघेपर्यंत टँकर कधीच गेलेले! गेल्या आठवड्यात तेच झालं. एका गोठ्याचं नासकं दूध बाकीच्यांच्या चांगल्या दुधात पडलं, अख्खा टँकर ओतून द्यावा लागला. नेव्हिल म्हणाला... तो नाकातून बोलतो... 'फर्गस, शुक्रवारी टँकर हलायच्या आत यादी पाहिजे. नाहीतर हे काम ऑकलंडवाल्यांना.' ऑकलंडवाल्यांना! अहो, ज्यांनी गाय फक्त दुधाच्या बाटलीवर पाहिली, त्यांना!

म्हणून मी लावले आठ थ्रेड. म्हणजे एकाच प्रोग्रॅमचे आठ हात, सगळे एकदम कामाला. काय सुटला म्हणून सांगू! यादी आली, मी कॉलर ताठ केली, तेवढ्यात टँकरवाल्या शोनाचा फोन. 'काय रे फर्गस, तुझ्या यादीत इथल्या गोठेवाल्या बाईंचं दूध उकळतंय! मी टाकीपाशीच उभी आहे, थंडगार आहे सगळं. आणि शेजारच्याचं म्हणे गोठलंय. आइस्क्रीम घेऊन येऊ का?' आठही हात एकाच तक्त्यात घुसून लिहीत होते ना, ह्याचा आकडा त्याच्या नावावर! मग मी तक्त्याला कुलूप घातलं. एका वेळी एकानेच लिहायचं, बाकीच्यांनी थांबायचं. आलं की बरोबर उत्तर! फक्त पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. एक लिहितोय, सात रांगेत! मी कपाळावर हात मारून बसलो, आणि समोर रिपेकाआंटी... चहा! वर विचारते, 'बाळा, चीज रोल खातोस?'

आता ही बाई म्हणजे साधीसुधी नव्हे, आमच्यातली सगळ्यात जुनी प्रोग्रॅमर, मला जावा शिकवला तिनंच, आणि तेही ती दिवसातून दोनदा ऐकवते. म्हटलं, 'आंटी, सांग ना, चुकतंय कुठं?' म्हणाली, 'उद्या मावशीचा वाढदिवस आहे मराएवर. जेवायला ये.' इथं नोकरी चाललीय माझी, आणि ही जेवायला बोलावते!

गेलो. मराए म्हणजे आंटीच्या सगळ्या कुळाचं उठणं-बसणं जिथं, ती जागा, आणि तिथं रीत अशी की जेवलात की टॉवेल उचलायचा, मग तुम्ही मंत्री का असेनात. ताटांचा हा डोंगर, धुणारा एक, पुसायला आम्ही आठ जण घुसलेले. मी आपला एक ताट पुसतोय, कपाटाकडे पळतोय, धडकतोय, परत येतोय... आणि दारातून आंटीची आरोळी! हातात कप होताच! 'फर्गस! एकेक ताट घेऊन कुठं धावतोस? कपाटापाशी मारामारी चाललीय! आपला ढीग आपल्या शेजारी रचायचा, शेवटी एकदाच न्यायचा! आणि टॉवेल चार, माणसं आठ कशाला? चौघं व्हा बाहेर, नुसते पायात येताय!'

मी ताट धरून तसाच उभा. चार टॉवेल... अहो, माझ्या मशीनला कोअर, म्हणजे एका वेळी खरोखर काम करणारे मेंदू, चारच! मग आठ हात कशाला? वाचणारा एक, त्यानं ओळींचे गठ्ठे वाटायचे, चौघांनी आपापला हिशेब आपल्याशी ठेवायचा, शेवटी एकदाच जुळवायचा... कुलूप कशाला हवंय! तसाच पळालो, खांद्यावर टॉवेल, मागून बायका ओरडतायत.

शुक्रवारी काय झालं माहितीये? ड्रायव्हर बुटांच्या नाड्या बांधतायत तोवर यादी हातात! दोन टाक्या गरम. शोनानं जाऊन बघितलं, खरंच गरम! ते दूध मागं राहिलं, बाकी सगळ्यांचं वाचलं. नेव्हिलनं ऑकलंडचं नाव काढलं नाही. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. एक ओळ लिहून दिली नाही हो त्या बाईनं, आणि सगळं शिकवलं. मानलं तिला!

पण मी गप्प बसावं की नाही? म्हटलं, 'आंटी, आता आठ कोअरचं मशीन घेऊ, अजून पळवू!' तिनं घोट घेतला. 'नाही पळणार. तुझे पुसणारे हात बांधून उभे असतात. आता अडतंय धुणाऱ्यापाशी, म्हणजे तुझ्या ओळी वाचणाऱ्यापाशी, तो एकच आहे. त्याचं दुखणं समजून घे आधी. शनिवारी लग्न आहे मराएवर, तीनशे माणसं. ये.'

काय करता! शनिवारी कोपरापर्यंत फेसात मी, मागं चौघं टॉवेलवाले, 'अरे हात चालव की!' आणि ही बाई?... विचारू नका. शेवटी तो कपही मीच धुतला.